क्लाउड बंद पडला, बिल फुगलं, डेटाच उडाला… अशा वेळी ग्राहकाच्या हातात नेमकं काय उरतं?

२० ऑक्टोबर २०२५. दिवाळीतला नरक चतुर्दशीचा दिवस. महाराष्ट्रात अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून लोक मोबाईल घेऊन बसले होते. दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉनच्या क्लाउड यंत्रणेत बिघाड झाला आणि जगभरात एकेक ॲप बंद पडायला लागलं.

स्नॅपचॅट उघडेना. फोर्टनाइट आणि रोब्लॉक्स खेळणारे बाहेर फेकले गेले. सिग्नलवरून मेसेज जाईना. ब्रिटनमध्ये लॉइड्स बँकेच्या ग्राहकांना खातं दिसेना. घरातली अलेक्सासुद्धा गप्प झाली.

या सगळ्या कंपन्या एकमेकींपासून वेगळ्या, पण त्यांचं सॉफ्टवेअर भाड्यानं चालत होतं ते एकाच मालकाच्या जागेत, म्हणजे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या क्लाउडवर. सगळं पूर्ववत व्हायला जवळपास १५ तास लागले. भारतात तोपर्यंत दुसऱ्या दिवसाची पहाट होत आली होती.

वापरकर्त्यांनी राग काढला तो ॲपवाल्यांवर. पण ॲप बनवणाऱ्या टीमच्या हातात त्या १५ तासांत करण्यासारखं फार काही नव्हतं. अनेकांना ॲमेझॉनकडे तक्रारीचं तिकीटही टाकता येत नव्हतं, कारण तक्रार नोंदवायची यंत्रणाही याच बिघाडात अडकली होती.

क्लाउड घेणाऱ्या सॉफ्टवेअर टीमचा अनुभव नेमका कसा असतो? तो कधी सुखाचा असतो आणि कधी महागात पडतो? गेल्या काही वर्षांतल्या खऱ्या घटनांमधून समजून घेऊया.

क्लाउड म्हणजे नक्की काय विकत घेतलं जातं?

विकत काहीच घेतलं जात नाही, हेच आधी लक्षात घ्यायला हवं. क्लाउड म्हणजे भाड्याचा कॉम्प्युटर.

पूर्वी एखाद्या टीमला वेबसाइट किंवा ॲप चालवायचं असेल तर सर्व्हर विकत घ्यावे लागायचे. त्यासाठी एसीची खोली, जनरेटर आणि रात्री-अपरात्री धावत जाणारा माणूस लागायचा. आता क्रेडिट कार्डाचा नंबर टाकला की पाच मिनिटांत सर्व्हर मिळतो. काम झालं की बंद करायचा. जेवढा वापर तेवढे पैसे.

घरात लग्न निघालं म्हणून कुणी स्वतःचा हॉल बांधत नाही. दोन दिवसांसाठी मंगल कार्यालय घेतो. क्लाउडचा हिशोब तोच आहे.

भारतातलं याचं उत्तम उदाहरण म्हणजे हॉटस्टार. जुलै २०१९ मध्ये क्रिकेट वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक बघत होते. धोनी रनआउट झाला आणि प्रेक्षक झपाट्यानं कमी झाले. एवढी गर्दी पेलायला लागणारे सर्व्हर विकत घेतले असते तर उरलेलं वर्ष ते धूळ खात पडले असते. हॉटस्टारनं ते क्लाउडवरून तेवढ्यापुरते घेतले.

नेटफ्लिक्सची गोष्टही अशीच. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा स्वतःचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनी क्लाउडकडे वळली आणि जानेवारी २०१६ मध्ये हे स्थलांतर पूर्ण झालं.

थोडक्यात, क्लाउड ही फसवणूक नाही. लहान टीमला मोठ्या कंपनीच्या तोडीची यंत्रणा वापरता येते ती त्याच्यामुळेच. खरा प्रश्न सुरू होतो तो काहीतरी बिनसल्यावर.

२० ऑक्टोबरला नेमकं काय बिनसलं होतं?

ॲमेझॉनची डायनॅमो डीबी नावाची डेटाबेस सेवा आहे. तिच्यापर्यंत पोहोचायला इंटरनेटला तिचा पत्ता लागतो. हा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. फोनमधल्या कॉन्टॅक्ट लिस्टसारखी. नाव टाकलं की नंबर मिळतो.

ॲमेझॉनकडे ही लिस्ट सतत ताजी ठेवणारे स्वयंचलित प्रोग्रॅम आहेत. त्या दिवशी त्यातला एक प्रोग्रॅम मागे रेंगाळला होता आणि दुसरा पुढे निघून गेला होता. रेंगाळलेल्यानं नव्या यादीवर जुनी यादी चढवली. त्याच सुमारास जुन्या याद्या साफ करणारं काम चालू झालं आणि त्यानं ती जुनी यादी पुसून टाकली. परिणामी पत्त्याची जागा रिकामीच राहिली.

हा पत्ता साधारण तीन तासांत परत बसवला गेला. पण तोपर्यंत त्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्या सेवा कोलमडल्या होत्या. नवे सर्व्हर सुरू होत नव्हते, ट्रॅफिक वाटून देणारी यंत्रणा गोंधळली होती. ही साखळी सुटायला पुढचे बारा तास गेले.

मग आपला डेटा मुंबईत ठेवला की प्रश्न मिटला?

पूर्ण नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्येच पुण्यात आणि मुंबईत क्लाउड केंद्रं सुरू केली. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये आलं, गुगलचं २०१७ मध्ये. इथल्या बऱ्याच टीम आपलं काम या केंद्रांवरच चालवतात.

पण क्लाउडचे काही सामायिक भाग जगभरासाठी एकाच ठिकाणाहून चालतात. ॲमेझॉनच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे हेच व्हर्जिनिया. लॉगिन आणि परवानग्यांमधले बदल करणारी सेवाही त्यात येते. बिघाड चालू असताना ॲमेझॉननंच सांगितलं होतं की, व्हर्जिनियावर अवलंबून असलेल्या जागतिक सेवांनाही अडचण येऊ शकते. दुकान पुण्यात असलं तरी कुलपाची एक किल्ली अमेरिकेत आहे, असा हा प्रकार.

आणि हे एकट्या ॲमेझॉनपुरतं नाही. १२ जून २०२५ ला गुगल क्लाउड बंद पडला तेव्हा स्पॉटिफाय आणि डिस्कॉर्ड अडखळले होते. २९ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्ये सेटिंगमधला एक बदल चुकला आणि अलास्का एअरलाइन्सपासून हीथ्रो विमानतळापर्यंत अनेकांच्या वेबसाइट बसल्या. तिन्ही मोठ्या कंपन्या एकाच वर्षात ठप्प झाल्या.

सेवा बंद पडली तर भरपाई मिळते का?

मिळते. पण जाहिरातीत दिसते तशी नाही.

प्रत्येक क्लाउड कंपनी ‘एसएलए’ नावाचा करार देते. ‘आमची सेवा महिन्यातला इतका टक्के वेळ चालू राहील’, असं त्यात लिहिलेलं असतं. ॲमेझॉनच्या सर्व्हर सेवेसाठी हा आकडा ९९.९९ टक्के आहे. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात जेमतेम सव्वाचार मिनिटं बंद राहायला मुभा.

हे पाळलं गेलं नाही तर काय? सेवा ९९.९९ टक्क्यांच्या खाली पण ९९ च्या वर राहिली तर बिलाच्या १० टक्के रक्कम परत. ९९ च्या खाली पण ९५ च्या वर राहिली तर ३० टक्के. ९५ च्याही खाली गेली तर १०० टक्के.

आता एक हिशोब करून बघा. समजा एखाद्या टीमचे सर्व्हर ऑक्टोबर महिन्यात सलग १५ तास बंद राहिले. ३१ दिवसांचे तास होतात ७४४. म्हणजे सेवा जवळपास ९८ टक्के वेळ चालू होती. टीमचं सर्व्हरचं बिल महिन्याला १ लाख रुपये असेल तर ३० हजार रुपये परत मिळतील.

तेही रोख नाही, तर पुढच्या बिलातून वजा होणाऱ्या क्रेडिटच्या रूपात. आणि ते आपोआप येत नाही. ग्राहकानं ठरलेल्या मुदतीत, पुराव्यासह स्वतः मागणी करावी लागते.

दिवाळीच्या ऐन विक्रीत त्या १५ तासांत त्या टीमच्या दुकानाचा १० लाखांचा धंदा बुडाला असेल तर? त्याचा या हिशोबाशी संबंध नाही. भरपाई भाड्याची मिळते, बुडालेल्या धंद्याची नाही.

बिल एवढं कसं फुगतं?

क्लाउडबद्दल ग्राहकांची सगळ्यात जास्त कुरकुर असते ती बिलाची. त्याचे दोन प्रकार आहेत. एक झटका, दुसरा रोजचा पाझर.

झटक्याचं उदाहरण २०२४ मधलं. एका डेव्हलपरनं ॲमेझॉनच्या साठवण सेवेत, म्हणजे एस-थ्रीमध्ये, चाचणीसाठी एक रिकामी जागा उघडली. दोन दिवसांनी बघतो तर बिल १,३०० डॉलरच्या वर. एका प्रसिद्ध ओपन सोर्स टूलमध्ये नमुना म्हणून नेमकं तेच नाव लिहिलेलं होतं. ते टूल वापरणारे जगभरातले कॉम्प्युटर याच्या जागेत डेटा टाकायचा प्रयत्न करत होते. एका दिवसात जवळपास १० कोटी वेळा.

जागा खासगी असल्यानं प्रत्येक वेळी नकार मिळत होता. पण नियम असा होता की नकार दिलेल्या विनंतीचेही पैसे जागेच्या मालकालाच लागणार. म्हणजे दारावर अनोळखी लोकांनी थापा मारायच्या आणि बिल घरमालकानं भरायचं. हा किस्सा सोशल मीडियावर गाजला. त्याचं बिल माफ झालं आणि मे २०२४ मध्ये ॲमेझॉननं नियमच बदलला. अशा अनधिकृत विनंत्यांचे पैसे आता लागत नाहीत.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नेटलिफायच्या एका ग्राहकाला साध्या वेबसाइटसाठी तब्बल १ लाख ४ हजार डॉलरचं बिल आलं होतं. एका गाण्याची फाइल कुणीतरी प्रचंड वेळा डाउनलोड केली होती. सुरुवातीला कंपनीनं फक्त सवलत देऊ केली. प्रकरण इंटरनेटवर पेटल्यावर मात्र पूर्ण बिल माफ झालं.

दोन्ही किस्से सुखान्त आहेत. पण दोन्हींत ग्राहकाला वाचवलं ते गाजावाजानं, करारानं नाही. ज्याची पोस्ट व्हायरल होत नाही, त्याला कंपनीच्या मर्जीवरच राहावं लागतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्लाउडमध्ये ‘बजेट अलर्ट’ लावला म्हणजे खर्च थांबेल, असं अनेकांना वाटतं. अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, मीटर बंद करत नाही. तोही थोडा उशिरानेच येतो, कारण वापराची नोंद व्हायला काही तास लागतात.

आणि रोजचा पाझर?

त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ३७ सिग्नल्स ही अमेरिकी कंपनी. बेसकॅम्प आणि हे ही तिची उत्पादनं. २०२२ मध्ये तिचा क्लाउडवरचा खर्च ३२ लाख डॉलर होता, म्हणजे २५ कोटी रुपयांच्या आसपास. कंपनीचे सहमालक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की, आम्ही क्लाउड सोडतोय.

कंपनीनं सुमारे ७ लाख डॉलरचे डेलचे सर्व्हर विकत घेतले आणि भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये बसवले. पुढे वर्षाचं बिल ३२ लाखांवरून १३ लाख डॉलरवर आलं. पाच वर्षांत १ कोटी डॉलरहून जास्त वाचतील, असा कंपनीचा अंदाज आहे. उरलेली साठवणही बाहेर काढण्यासाठी तिनं नंतर १५ लाख डॉलरची यंत्रणा घेतली.

मग सगळ्यांनीच असं करावं का? तर नाही. ३७ सिग्नल्सचे ग्राहक रोज साधारण तेवढेच असतात. एका दिवशी दोन कोटी लोक तिथे येऊन धडकत नाहीत. शिवाय सर्व्हर सांभाळणारी अनुभवी माणसं कंपनीकडे आधीपासून होती. ज्याच्या घरी रोजच पन्नास पानं उठतात, त्यानं स्वतःचं स्वयंपाकघर मोठं करावं. ज्याच्याकडे वर्षातून एकदाच पंगत असते, त्याला कार्यालयच परवडतं.

सगळ्यात वाईट काय होऊ शकतं?

खातंच नाहीसं होणं. हे घडलेलं आहे.

ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा पेन्शन फंड. सहा लाखांहून जास्त सभासद आणि १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास पैसा. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरची त्याची खासगी यंत्रणाच पुसली गेली. सभासदांना आठवडाभराहून जास्त काळ आपलं खातं बघता आलं नाही.

हा हॅकिंगचा प्रकार नव्हता. यंत्रणा उभारताना गुगलच्या अंतर्गत टूलमध्ये एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ सिस्टीमनं लावला ‘एक वर्षाची मुदत’. वर्ष संपलं आणि यंत्रणा आपोआप डिलीट झाली. विनंती ग्राहकानं केली नसल्यानं त्याला आधी सूचनाही गेली नाही. गुगल क्लाउडच्या प्रमुखांनी युनिसुपरसोबत संयुक्त निवेदन काढून चूक मान्य केली.

युनिसुपर वाचलं ते बॅकअपमुळे. त्यांनी डेटाची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती. गुगलच्याच वेगळ्या साठवण सेवेतल्या प्रतीही शाबूत होत्या. या प्रती नसत्या तर लाखो लोकांच्या निवृत्तीच्या पैशांचा हिशोब कुठून जुळवणार होते?

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. मुंबईत मुख्यालय असलेली नायरा एनर्जी ही तेल कंपनी. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद, टीम्स बंद, कंपनीचा स्वतःचा डेटा हाताबाहेर.

परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. तिनं दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि मधल्या काळात ईमेलसाठी रेडिफचा आधार घेतला. जुलै संपता संपता सेवा परत सुरू झाल्या. निर्बंध बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण भारतात, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या कंपनीचं काम दुसऱ्या खंडातल्या निर्णयानं एका रात्रीत थांबू शकतं, हे या प्रकरणात दिसलं.

पटत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे का जात नाहीत?

कारण आत येणं फुकट आहे आणि बाहेर पडणं महाग.

क्लाउडमध्ये डेटा टाकायला सहसा पैसे लागत नाहीत. काढायला लागतात. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून इंटरनेटवर डेटा बाहेर पाठवायचा सुरुवातीच्या टप्प्यातला दर साधारण ११ सेंट प्रति जीबी आहे. १० टीबी बाहेर काढायचा म्हटलं तरी १,१०० डॉलरच्या घरात बिल जातं.

पैशांपेक्षा मोठी अडचण असते ती सवयीची. प्रत्येक कंपनीचे खास डेटाबेस, खास टूल असतात. टीमनं दोन-तीन वर्षं त्यावर काम केलं की सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या साच्यात बसतं. दुसरीकडे जायचं तर बराचसा भाग नव्यानं लिहावा लागतो. यालाच व्हेंडर लॉक-इन म्हणतात.

ब्रिटनच्या स्पर्धा नियामक संस्थेनं जुलै २०२५ मध्ये आपला तपास पूर्ण केला. तिथल्या बाजारात ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांचा वाटा प्रत्येकी ३० ते ४० टक्के आहे. वर्षभरात कंपनी बदलणारे ग्राहक मात्र एक टक्कासुद्धा नाहीत.

युरोपनं यावर कायदा केला आहे. ‘डेटा ॲक्ट’ १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १२ जानेवारी २०२७ पासून कंपनी बदलण्याचं शुल्क आकारताच येणार नाही. हा दबाव वाढत असतानाच २०२४ च्या सुरुवातीला गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांना डेटा काढण्याचं शुल्क माफ करायला सुरुवात केली. ३७ सिग्नल्सला या माफीचा फायदा सुमारे अडीच लाख डॉलरचा झाला. मात्र ही माफी मागावी लागते.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्याबद्दल नियम केले. बँकांनी क्लाउड घेताना बाहेर पडायची योजनाही तयार ठेवावी, असं त्यात आहे. पण हे बँकांना आणि वित्तीय संस्थांना बंधनकारक आहे. हिंजवडीतल्या किंवा नाशिकमधल्या आठ जणांच्या सॉफ्टवेअर टीमला स्वतःची काळजी स्वतःच घ्यावी लागते.

मग लहान टीमनं काय करावं?

वरच्या घटनांमधूनच उत्तरं मिळतात.

एक, बॅकअप वेगळ्या कंपनीकडे किंवा निदान वेगळ्या खात्यात ठेवा. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यातल्या काहींचा मूळ डेटाही गेला आणि प्रतही गेली.

दोन, तो बॅकअप वर्षातून एकदा तरी परत चालू करून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

तीन, बजेट अलर्ट लावाच, पण तो वाजल्यावर सेवा बंद कोण करणार, हे आधी ठरवा. रविवारी रात्रीसुद्धा.

चार, करारातलं भरपाईचं पान वाचा. सेवा बंद पडल्याची वेळ नोंदवून ठेवा. मागितल्याशिवाय काही मिळत नाही.

पाच, एखाद्या कंपनीचं खास टूल वापरण्याआधी एकच प्रश्न विचारा. उद्या इथून निघायचं ठरलं तर किती दिवस लागतील? उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर ते आजच शोधायला हवं.

भाड्यानं घर घेताना आपण डिपॉझिट, नोटीस पीरियड आणि पाण्याची वेळ विचारतो. क्लाउड घेताना मात्र ‘आय ॲग्री’वर क्लिक करून पुढे जातो. २० ऑक्टोबरला ज्यांची ॲप बंद पडली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ॲमेझॉन सोडलेलं नाही, आणि त्यात वावगंही काही नाही. पण पुढच्या बिघाडाच्या दिवशी ‘आपला डेटा अजून कुठे आहे?’ असा प्रश्न येईल, तेव्हा उत्तर टीमकडे असायला हवं.